हात जवळ आला की तो गिळतो

नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. जूनच्या पहिल्या पावसात त्यांच्या आठवीतल्या मुलाने पार्किंगमध्ये भिजत बसलेलं दीडेक महिन्याचं गावठी पिल्लू घरी आणलं. आता ते पाच महिन्यांचं आहे. नाव बदलून आपण त्याला मोत्या म्हणू. घर शाकाहारी. मोत्याला दूध-पोळी, वरण-भात, आणि मुलाच्या हट्टाखातर कधीतरी एखादं अंडं मिळतं. फिरायला नेलं की मोत्याचं नाक जमिनीवरून उठत नाही. कॉलनीबाहेर संध्याकाळी भुर्जी, चायनीज, वडापावच्या गाड्या लागतात. तिथली हाडं, तेलकट कागद, पिशव्या, एकदा तर वापरलेलं डायपर, जे दिसेल ते तो तोंडात घालतो. ताई आजवर तोंडात बोटं घालून ते काढत आल्या. पण आता त्या वाकल्या की मोत्या क्षणाचीही वेळ न दवडता सगळं अख्खंच गिळतो. मागच्या आठवड्यात कोंबडीचं हाड काढताना तो पहिल्यांदाच त्यांच्यावर गुरगुरला. सासूबाई म्हणतात, लोकांना वाटेल आपण त्याला उपाशी ठेवतो. मिस्टर म्हणतात, दोन फटके द्या. शेजारी म्हणतात, रस्त्यावरचं रक्त आहे, सवय जायची नाही. ताई विचारतात: ‘पोटभर खाऊनही ही हाव कशाची? ती मोडायची कशी? की त्याला खाली नेणंच बंद करू?’

ताई,

‘मी वाकले की तो गिळतो’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण मला सगळा उलगडा तिथेच दिसतो. पिल्लाने रस्त्यावरचं तोंडात घालणं ही एक गोष्ट आणि तुमचा हात जवळ येताच ते गिळून टाकणं ही दुसरी. पहिली त्याच्या जातीची आणि वयाची आहे. दुसरी तो गेल्या तीन महिन्यांत शिकलाय. ताईचा हात आला म्हणजे तोंडातलं जाणार, एवढाच त्याचा हिशेब आहे, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबर आहे. म्हणून आपण सुरुवात हावेपासून न करता तुमच्या हातापासून करू.

पण त्याआधी ‘हाव’ या शब्दाबद्दल थोडं बोलू द्या. माणूस वस्तू हातात घेऊन पाहतो, पिल्लू ती तोंडात घेऊन पाहतं. त्यात मोत्याचं वय नेमकं दात बदलण्याचं. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात यायचे, हे काम साधारण चौथ्या महिन्यापासून सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावायला हवंच असतं. शिवाय त्याचे पहिले दिवस आठवा. चार-सहा भावंडांत जो आधी गिळेल त्याचं पोट भरणार, असं ते बाळपण. तुमच्याकडे वाटी रोज वेळेवर येते हे त्याला कळलंय, पण शरीराला खात्री पटायला वेळ लागतो.

‘रस्त्यावरचं रक्त’ हे मात्र मनातून काढून टाका. हजारो रुपये मोजून आणलेले लॅब्रॅडॉर याहून जास्त खादाड असतात. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना त्याचं एक कारण सापडलं. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यामुळे ते सतत खाण्याच्या शोधात राहतात. मुळात कुत्रा माणसाजवळ आला तोच माणसाने टाकलेल्या खरकट्याच्या वासाने, असं अनेक अभ्यासक मानतात. उकिरडा हुंगणं त्याच्या हजारो पिढ्यांनी केलेलं काम आहे. ते तुम्ही मोडू शकणार नाही आणि मोडायची गरजही नाही. त्याने हुंगावं, खूप हुंगावं. फक्त तोंड घालण्याआधी तुमच्याकडे एकदा बघावं, एवढंच आपल्याला हवंय.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. तुम्हाला ते लागलंय, पण त्यात तथ्य असू शकतं. पोट भरणं वेगळं आणि पोषण होणं वेगळं. वाढत्या पिल्लाला भरपूर प्रथिनं आणि योग्य प्रमाणात कॅल्शियम-फॉस्फरस लागतं. दूध-पोळी आणि वरण-भातात ते पुरेसं नसतं, आणि कित्येक पिल्लांना दूध पचतही नाही. वरण फोडणीचं असेल तर त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहे. घरात मांस शिजवायचं नसेल तर माझा त्याला अजिबात आग्रह नाही. पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं मिळतं, ते शिजवावं लागत नाही. त्याच्या जोडीला उकडलेलं अंडं, पनीर, साधा भात चालेल. प्रमाण डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या. कॅल्शियमची पावडर मनाने सुरू करू नका. सहा महिन्यांचा होईपर्यंत दिवसातून तीनदा खायला द्या, आणि फिरायला निघण्याआधी थोडंसं, पोटभर नाही. रिकाम्या पोटी भुर्जीच्या गाडीवरून जाणं माणसालाही जड जातं.

जंतांचाही विचार करा. पावसात सापडलेल्या पिल्लाच्या पोटात ते असणारच असं धरून चाला. जंत, रक्ताची कमतरता, पचनाचे काही आजार यांमुळे कुत्री माती, कागद, शेण असं न खाण्याजोगं खातात. शिकवणीच्या आधी ही तपासणी हवी, कारण आजारामुळे लागणारी भूक शिकवून जात नाही.

मग फटक्यांचं काय? मिस्टरांना रागावू नका. आपल्याकडे पोरांना आणि जनावरांना हेच औषध सांगत आलेत, आणि त्यांना तुमचीच काळजी वाटतेय. पण मोत्या गुरगुरला तेव्हा तो तुम्हाला इशारा देत होता. फटका मारला तर इशारा बंद होईल, भीती तशीच राहील. पुढच्या वेळी तो न गुरगुरता सरळ चावेल. आज तो आधी सांगतोय, ही तुमच्या घरासाठी चांगली गोष्ट आहे. आणि फटक्याने हात आणखी वाईट होतो. आधी हात फक्त हिसकावून घेत होता, आता मारेलही. म्हणजे गिळायची घाई अजून वाढणार.

हाताची ओळख बदलायची सुरुवात त्याच्या वाटीपासून करा. मोत्या जेवत असताना जवळून जा, वाटीत पनीरचा एक तुकडा टाका आणि निघून जा. वाटीला हात लावायचा नाही, त्याला कुरवाळायचं नाही, काही बोलायचंही नाही. दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस. तुम्ही जवळ येताना तो मान वर करून शेपूट हलवायला लागला की समजा, पहिला धडा झाला. तुम्ही जवळ येताच तो ताठरला किंवा भराभर गिळू लागला तर तेवढं जवळ जाऊ नका, लांबूनच तुकडा टाका.

त्यानंतर अदलाबदल. जुन्या ओढणीची गाठ मारून त्याला खेळायला द्या. तो ती चघळत असताना नाकाशी अंड्याचा तुकडा धरा. तोंड उघडेल. उघडताक्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि गाठ त्याला परत द्या. हे परत देणं लोक विसरतात, आणि सगळं तिथेच फसतं. दहातल्या नऊ वेळा सोडलेली वस्तू परत मिळते हे कळलं की दहाव्या वेळी हाड सोडताना त्याचा जीव जात नाही. आठवडाभराने ‘सोड’ आधी म्हणा, तुकडा नंतर दाखवा. एकदाच म्हणा, हळू म्हणा. ओरडून म्हटलेला ‘सोड’ त्याला ‘पळ’ असा ऐकू येतो.

दुसरा शब्द ‘राहू दे’. तो वस्तू तोंडात घेण्याआधीचा. मुठीत थोडं त्याचं कोरडं खाणं घ्या आणि मूठ त्याच्यासमोर धरा. तो चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. तुम्ही गप्प. एका क्षणी कंटाळून तो तोंड मागे घेईल. तोच क्षण पकडून ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून पनीर द्या. मुठीतलं कधीच द्यायचं नाही, बक्षीस दुसरीकडून येतं हेच तर शिकवायचंय. मूठ समोर येताच तो स्वतःहून मागे सरू लागला की ‘राहू दे’ हा शब्द जोडा. मग उघडा तळवा, मग जमिनीवर ठेवून वर तुमचं पाऊल, मग पाऊल काढून. पुढे पट्टा बांधून हॉलमध्ये, जिन्यात, मग पार्किंगमध्ये. पार्किंगमध्ये भाकरीच्या तुकड्यावर उलटी चाळणी ठेवा. वास येईल, मिळणार मात्र नाही, आणि चुकून गिळण्याची भीतीही नाही. चाळणीपाशी थांबून त्याने तुमच्याकडे पाहिलं तर जे द्याल ते भरभरून द्या. गाड्यांसमोर हे सगळं चालायला दीड-दोन महिने लागतील. घरात जमलं म्हणून तिसऱ्या दिवशी चायनीजच्या गाडीसमोर परीक्षा घेऊ नका. तो नापास होईल आणि तुम्ही खचाल.

शब्द घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. तुम्ही ‘राहू दे’, मुलगा ‘नो’, आजी ‘छी छी, टाक ते’ असं असेल तर मोत्याने ऐकायचं कुणाचं? ‘नाही’ आणि ‘नको’ टाळा. आपल्या घरांत ते शब्द दिवसभर इतके उडत असतात की त्याच्या कानांना ते पंख्याच्या आवाजासारखे झालेले असतात.

पण हे शिकून होईपर्यंत रोज दोनदा खाली जायचं आहेच, आणि प्रत्येक हाड हे सवयीला मिळालेलं खतपाणी आहे. दहा दिवस काही न मिळता अकराव्या दिवशी एक लेगपीस मिळाला तरी तो पुढचे वीस दिवस तो कोपरा तपासतो. म्हणून काही काळ त्याला सापडू न देणं, हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्या मुलाला एक वही द्या. आठवडाभर त्याने लिहावं: कुठे, किती वाजता, काय उचललं. माझा अनुभव असा की बहुतेक नोंदी तीन-चार जागांच्याच निघतात. तेवढ्या जागा टाळल्या तरी निम्मा ताण उतरतो. सकाळी झाडलोट होऊन घंटागाडी गेल्यावर निघा, संध्याकाळी गाड्या लागण्याआधी. गाडीवाल्या दादांना झाकणाचा डबा ठेवायची विनंती करून पाहा. आपणहून बोललं की पुष्कळ जण ऐकतात.

काही दिवस जास्त जपायचे. आता पितृपक्षात जागोजागी पानं वाढून ठेवलेली असतात. अमावस्येला तिठ्यावर उतारा असतो: भात, अंडं, लिंबू, कधी टाचण्या टोचलेलं. नवरात्रात आणि भंडाऱ्यांत द्रोण-पत्रावळी रस्त्यावर येतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आपल्याला निरुपद्रवी वाटतात, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही. नाशिकच्या माणसाला हे मुद्दाम सांगते. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो या आजाराची लागण होते, ती कुत्र्याला होते तशी माणसालाही होते. सोबत बाटली ठेवा.

कुणी कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांसाठी भात टाकत असेल तर भांडू नका. त्या कुत्र्यांनाही पोट आहे. खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्याची तरतूद २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. सोसायटीच्या बैठकीत विषय काढून एक जागा, एक वेळ ठरवून घ्या. दोघांचंही भलं होईल.

पट्टा पाच-सहा फुटांचा, साधा. लांब सुटत जाणारी दोरी नको, ती आवरेपर्यंत हाड पोटात गेलेलं असतं. पट्ट्याला हिसका देऊ नका, तुमचे पाय थांबवा. खिशात त्याच्याच जेवणातला वाटा घेऊन निघा, आणि वाटेत त्याने आपणहून तुमच्याकडे पाहिलं की प्रत्येक वेळी एक दाणा द्या. लोक म्हणतात, किती लाडावताय. लाडावू द्या. सध्या फुटपाथ त्याला तुमच्यापेक्षा जास्त देतो, ही स्पर्धा तुम्हाला जिंकायची आहे.

आणि तरीही त्याने काही उचललंच तर? आधी पाहा, काय आहे. पोळीचा तुकडा, झाडाचं पान असेल तर सोडून द्या. खरंच सोडून द्या. प्रत्येक लढाई लढलात तर गिळायची घाई कधीच कमी होणार नाही. हाड, प्लास्टिक असं काही असेल तर धावू नका, वाकू नका, किंचाळू नका. खिशातला मूठभर खाऊ त्याच्या पायांशी सांडा. तोंडातलं टाकून तो दाणे वेचायला लागेल. तुम्ही मध्ये उभ्या राहा आणि वेचून झालं की पुढे चला. बोटं घालून तोंड उघडायचं ते फक्त जीवावरचं काही असेल तेव्हा.

जीवावरचं म्हणजे काय, हे स्पष्ट सांगते. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. आंब्याची कोय, दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस, सॅनिटरी पॅड, मोजे आतड्यात अडकतात. एका पावसाळ्यात माझ्या भुरी या कुत्रीने भाजलेल्या कणसाचा तुकडा गिळला. ती ओकत होती आणि मी अपचन समजून दोन दिवस ताक-भात देत राहिले. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत तो आतड्यात दिसला, रात्री ऑपरेशन झालं. ती वाचली आणि पुढे बरीच वर्षं जगली, पण ते दोन दिवस मी आजही विसरलेले नाही. सतत उलट्या, पाणीसुद्धा न टिकणं, शी न होणं, पोट कडक, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

उंदराचं औषध खाल्ल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी निघा आणि वेष्टन किंवा उरलेली वडी सोबत न्या. त्यातल्या काही प्रकारांत रक्तस्राव दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो, तोवर पिल्लू हसतं-खेळतं दिसतं. वेळेत गेलात तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं. चॉकलेट, गुटखा-तंबाखू, माणसांच्या गोळ्या यांनाही हेच लागू. मीठ-पाणी पाजून ओकारी काढायचा घरगुती उपाय करू नका, मिठाचंच विष होतं. ओकारी काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून त्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

तुमच्या रस्त्यावर हे सगळं करूनही जमत नसेल तर जाळीचं मुसकं वापरा. तुम्हाला कसंतरी वाटेल, मला माहीत आहे. पण उभ्या पिकात कोळपणी करताना शेतकरी बैलांना मुसकी बांधतोच, आणि त्याच्याइतकी बैलांवर माया कुणाची असते? मुसकं असं हवं की आत तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी फिरताना कधीच नको, उन्हात जीव गुदमरेल. आठ-दहा दिवस मुसक्यात पनीर ठेवून त्याला आपणहून नाक आत घालू द्या, बंद करायची घाई करू नका. शिकवणी सुरू असताना हा आधार आहे, शिकवणीला पर्याय नाही.

खाली नेणं बंद करू का, असं विचारलंत. नका करू. या वयात रस्ता, माणसं, आवाज, दुसरी कुत्री पाहिली नाहीत तर तो भित्रा होईल, आणि भित्रा कुत्रा सांभाळणं याहून अवघड. चार भिंतींत कंटाळलेलं पिल्लू मग सोफा खातं. त्याऐवजी फेरी छोटी करा, आणि हुंगायची भूक घरीच भागवा. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत त्याचं खाणं लपवून ‘शोध’ म्हणा. दहा मिनिटं नाक चालवून पिल्लू जितकं दमतं तितकं अर्धा तास चालून दमत नाही. हे काम तुमच्या मुलाकडे द्या, त्यानेच आणलंय त्याला. हिरड्यांसाठी ओली करून फ्रीजरमध्ये गोठवलेली कापडाची गाठ द्या, पण ती चघळताना जवळ कुणीतरी बसा.

आता पहिलं काम. उद्या सकाळची ताजी शी झाकणाच्या छोट्या डबीत घ्या आणि दोन-तीन तासांत डॉक्टरांकडे पोचवा. लसीचं कार्डही न्या. पार्वो या विषाणूच्या आजारावरच्या लसीचा सोळा आठवड्यांनंतरचा डोस आणि रेबीजचं इंजेक्शन झालंय का ते बघून घ्या, लेप्टोच्या लसीचंही विचारा. तिथे मोत्याला टेबलावर ठेवतील, तोंड उघडून दात पाहतील. खिशात पनीर असू द्या, आणि डॉक्टरांचा हात तोंडातून बाहेर आला की लगेच एक तुकडा तुमच्या हातून द्या.